सहाशे यार्डांचं काडतूस

२२ मे, शुक्रवार
शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नंबर लागला. अकरा वर्षं अर्ज करतोय, अकरा वर्षं नकार. आज संगणकावर हिरव्या अक्षरांत: हार्लन ट्विचेल, बेंट क्रीकच्या वरचं खोरं, एल्क हरणाचा एक नर, एक ऑक्टोबरपासून.

नेडाला सांगितलं. ती "अरे वा" म्हणाली आणि लगेच तिच्या भावाला फोन लावला. एवढी घाई कशाला होती, कळलं नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच बातमीवर ती इतक्या पटकन खूश झालेली नाही.

निश्चय: या वेळी सहाशे यार्डांवरून, एका गोळीत. मेहुणा ऑरिन दरवर्षी वडिलांच्या जुन्या रायफलने ऐंशी-नव्वद यार्डांवर एल्क पाडतो. त्याला शिकार म्हणत नाहीत, गाठभेट म्हणतात.

त्यासाठी जादा दारूच्या काडतुसाची नवी रायफल हवी. मॅग्नम. कुठली, ते शास्त्रशुद्ध ठरवणार.

ही वही ग्रेडरच्या मॅन्युअलच्या कव्हरात ठेवतोय. काउंटीचे रस्ते सपाट करतोय त्याला सत्तावीस वर्षं झाली, ते मॅन्युअल कोणी उघडलेलं नाही. मीही नाही.

२४ मे, रविवार
अभ्यास सुरू. मासिकं, व्हिडिओ, कोष्टकं. टेबलावर जागा उरली नाही. नेडाने पॉट रोस्टची बशी मांडीवर घेतली, पण काही बोलली नाही. हेही नेहमीचं नाही.

उमेदवार तीन. सात एमएम मॅग्नम: गोळी लांबवर सरळ जाते, खांद्याला धक्का कमी. तीनशे मॅग्नम: गोळी जड, धक्का जबर. तीनशे अडतीस मॅग्नम: थोडक्यात तोफ.

ऑरिन जेवायला होता. म्हणाला, "दाजी, सात एमएम घ्या. झेपेल तुम्हाला."

'झेपेल' हा शब्द टिपून ठेवला आहे. सात एमएम बाद.

४ जून
कॅस्पर शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, तो त्यांनी चिकटवला. आता म्हणतात उजव्याचाही पातळ झालाय. "दणका बसेल असं काही करू नका." मी सहज विचारलं, रायफल? ते म्हणाले, छोटी चालेल, मोठी मॅग्नम शक्यतो नको.

शक्यतो. म्हणजे शक्य नसेल तर चालेल.

परतताना नेडा म्हणाली, "डॉक्टर शक्यतो म्हणालेच नाहीत." मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. शिवाय खोलीत भिंतीवर ट्राउट पकडल्याचे फोटो होते. मासे पकडणाऱ्या माणसाला काडतुसातलं काय कळणार.

नेडा साठ मैल खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नुसती सेजब्रशची खुरटी झुडपं. इतकं काय बघायचं त्यात.

९ जून
रॉली मोहरच्या दुकानात. रॉली तीस वर्षं बंदुका विकतोय. त्याने विचारलं, किती लांबून मारणार? सहाशे, म्हटलं. "सहाशेवर आधी कधी मारलंयस?" प्रश्न तत्त्वाचा आहे, असं मी सांगितलं.

रॉली खोकला. त्याला सर्दी नव्हती.

मग त्याने काउंटरवर कागदी बशी ठेवली, जेवणाची, साधी. म्हणाला, "ज्या अंतरावरून पाचातल्या पाच गोळ्या या बशीत जातात, ते तुझं अंतर. काडतूस कुठलंही असो." नंतर स्वतःहून म्हणाला, "तुला सात एमएम बरी."

ऑरिनही सात एमएम, रॉलीही सात एमएम. पंधरवड्याच्या आगेमागे दोघांना एकच सुचलं. योगायोगावर माझा विश्वास नाही. बशी मात्र घेऊन आलो.

१३ जून, शनिवार
गावाबाहेर नेमबाजीच्या मैदानावर. मोंटानाहून आलेल्या एका गृहस्थाकडे तीनशे अडतीस होती. म्हणाला, बघायचीय मारून? मारली.

अनुभव चांगला होता. दुर्बीण किंचित कपाळाला लागली. तीन टाके. त्या माणसाने दुर्बीण चुकीच्या जागी बसवली होती, हे मी त्याला जमिनीवरूनच सांगितलं. खांद्यावर जांभळा डाग आहे, तो जुना असावा.

गोळी कुठे गेली ते कळलं नाही. बशी कोरी.

नेडाने टाक्यांचं कसं झालं ते विचारलंच नाही. नुसतं "दुसरा डोळा कसा आहे?" म्हणाली. रायफल कशी होती, हे विचारायला हवं होतं.

१४ जून
नीट विचार केला. तीनशे अडतीस उत्तम काडतूस आहे, पण ते एल्कला जास्त होईल, मांस वाया जाईल. तीनशे मॅग्नम घेणार. खांद्याचा या निर्णयाशी संबंध नाही.

१७ जून
अ‍ॅल्युमिनियमची होडी रॉलीला दिली, बदल्यात तीनशे मॅग्नम. वर दुर्बीण, खाली दोन पाय, आणि कंपनीची चाळीस काडतुसं. काडतुसांबरोबर छापील कोष्टक मिळतं: किती यार्डांना गोळी किती खाली येते. दुर्बिणीवरचं चाक तितकं फिरवायचं, की झालं. कोष्टक प्लॅस्टिकमध्ये घालून दस्त्यावर चिकटवलं.

दुर्बिणीचे स्क्रू रॉलीने स्वतः आवळले. मी बघत होतो. शेवटचा स्क्रू आवळताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

२० जून
शंभर यार्ड. दहा गोळ्या. बशी कोरी.

कारणं: स्क्रू (रॉली). टेबल हलत होतं. शेजारचा मनुष्य च्युइंगगम चघळत होता.

२७ जून
शंभर यार्ड. नेडा बरोबर आली, थर्मास घेऊन खुर्ची टाकून बसली. दहा गोळ्या. बशीच्या काठाला एक भोक, ते बहुधा आधीचं.

नेडा म्हणाली, "हार्लन, तू बार उडायच्या आधीच डोळे मिटतोस."
मी म्हटलं, मिटत नाही, एकाग्र होतो.
"दोन्ही मिटतोस. आणि खांदा आधीच मागे घेतोस."

तिला बंदुकीतलं थोडं कळतं, हे मान्य. मादी एल्कचा परवाना तिला जवळजवळ दरवर्षी मिळतो. पण मॅग्नमची गोष्ट वेगळी असते.

५ जुलै
मैदानावर जाणार होतो, पण खांदा. विश्रांतीही सरावाचाच भाग.

निश्चय: रोज पंचवीस जोर.

६ जुलै
जोर: चार. त्यातले दोन गुडघे टेकून. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

११ जुलै, शनिवार
ऑरिन आला. म्हणाला, "दाजी, रिकामी काडतुसं द्या, मी घरी भरून देतो. फुकट." त्याच्या गॅरेजमध्ये भरण्याचं सगळं सामान आहे, स्वतःची तो वर्षानुवर्षं स्वतःच भरतो.

फुकट का? विचारलं तर म्हणाला, "ताईच्या नवऱ्यासाठी एवढंही करू नये का?" याआधी तीस वर्षं त्याने ताईच्या नवऱ्यासाठी काय केलंय ते आठवून पाहिलं. एकदा ट्रकची बॅटरी.

काडतुसं मोजून दिली. राहिलेली कंपनीची एकोणीस भरलेली काडतुसंही नेडाने "इकडे तिकडे लोळतायत" म्हणून त्याच्या हवाली केली.

१८ जुलै
काडतुसं परत आली. मोजली, बरोबर आहेत. ऑरिनने बजावलं, "आता हीच वापरा. दुसऱ्या डब्यातलं मिसळू नका." दोनदा बजावलं. मनुष्य एक गोष्ट दोनदा कधी सांगतो?

एक निरीक्षण: ऑरिनची काडतुसं कानाशी हलवली की आत दारू खुळखुळते. कंपनीची खुळखुळत नव्हती. म्हणजे ऑरिनची दारू चांगली कोरडी आहे.

१९ जुलै, रविवार
आजचा दिवस लिहून ठेवण्याजोगा.

शंभर यार्ड. पहिला बार. धक्का बसला, पण जेमतेम. कोणी खांद्यावर हात ठेवून हाक मारावी तसा. दुसरा बार, तिसरा. चक्क डोळे उघडे. पाचातल्या पाच गोळ्या बशीत.

माझा खांदा तयार झाला. जोरांचा परिणाम. तेरा दिवसांत एकूण एकोणीस जोर काढले, पण मनापासून काढले. मॅग्नम ताब्यात यायला असाच एक क्षण यावा लागतो, असं व्हिडिओत म्हणतात.

नेडाने पाठीवर हात फिरवला आणि वाटेत हकलबेरीच्या फळांची पेस्ट्री खाऊ घातली. खूप खूश दिसली. जरा जास्तच.

८ ऑगस्ट
तीनशे यार्ड. कोष्टकाप्रमाणे चाक फिरवलं. गोळी बशीच्या बरीच खाली, धूळ उडाली. उन्हाळ्यात हवा विरळ असते, त्यामुळे असणार. (विरळ हवेत गोळी वर जायला हवी, असं मासिकात आहे. मासिक जुनं आहे.)

१५ ऑगस्ट
पाचशे यार्ड. बशी दिसते, पण गोळी तिथे पोचत नाही. अंतर मोजण्याचं यंत्र बिघडलेलं असावं. की मैदानच लांबलंय? ग्रेडर चालवणाऱ्या माणसाला माहीत असतं, जमीन सरकते.

कोष्टक चुकीचं नाही. ते छापील आहे.

२९ ऑगस्ट
रॉलीला फोन केला. त्याने विचारलं, काडतुसं कुणी भरली? ऑरिनने, म्हटलं. तो म्हणाला, "मग ऑरिनलाच विचार." फोन ठेवताना हसल्यासारखा आवाज आला.

नेडा, ऑरिन, रॉली. आता तिघे झाले.

१२ सप्टेंबर, शनिवार
गॅरेजमधून आत येत होतो. स्वयंपाकघरात नेडा आणि ऑरिन. ऑरिन म्हणत होता, "त्यांना कळलं तर माझं काही खरं नाही." नेडा म्हणाली, "सीझन संपेपर्यंत तोंड बंद ठेव, पुढचं मी बघते."

मी आत गेलो तर ऑरिन चोकचेरीच्या जेलीचं कौतुक करायला लागला. बरणी बंद होती.

आता सगळं जुळतंय. सहाशे यार्डांवर मी बसणार त्या कड्याच्या खाली, अंधुक उजेडात, ऑरिन आधीच जाऊन उभा राहणार. माझा नर तो ऐंशी यार्डांवर पाडणार. त्याला यंदा नराचा परवाना नाही, हे खरं आहे. पण असे लोक वाट काढतात.

१९ सप्टेंबर
प्रतिडाव. ऑरिनला सहज सांगितलं की यंदा बेंट क्रीक नको, टिंबर क्रीककडून चढणार. तो म्हणाला, "दाजी, टिंबर क्रीक तुमच्या परवान्यात येत नाही." मी म्हटलं, परीक्षा घेत होतो.

२ ऑक्टोबर, तंबूत
खोऱ्यात पोचलो. पहिला दिवस ट्रकच्या चाकामुळे गेला. मी, नेडा, ऑरिन आणि त्याची दोन खेचरं. खेचरं त्याची असल्याने त्याला टाळता आलं नाही. तो माझ्या नजरेसमोर राहील हेच बरं.

जेवायला एल्कचं सॉसेज आणि बटाटे. सॉसेज ऑरिनच्या गेल्या वर्षीच्या एल्कचं. मी बटाटे जास्त घेतले.

३ ऑक्टोबर, सकाळी ७:२०
घाईत लिहितोय.

कड्यावर आडवा झालो. समोरच्या उतारावर कळप, मध्ये नर. सहा-सहा फाट्यांची शिंगं, मान काळीभोर. यंत्र म्हणालं सहाशे चाळीस. वारा नाही. कोष्टकाप्रमाणे चाक फिरवलं. श्वास सोडला. डोळे उघडे.

बार. नराच्या कितीतरी खाली धूळ. त्याने मान वर केली.

दुसरा बार. पुन्हा धूळ, तिथेच.

आवाज पलीकडच्या कड्यावर आपटून परत येत होता. कळपाला वाटलं धोका तिकडे आहे. सगळा कळप वळला आणि चढ चढून आमच्याकडेच यायला लागला. आला, आला, आणि नर आमच्यासमोर आडवा उभा राहिला. ऐंशी यार्ड. त्याच्या नाकातली वाफ दिसत होती.

नेडा कुजबुजली, "हार्लन, आता."

मारली. पाठीवरून गेली. कळप झाडीत.

मग ऑरिन खूप हळू म्हणाला, "दाजी, चाक सहाशे चाळीसवरच राहिलं ना?"

हे त्याला आधीच माहीत असणार.

३ ऑक्टोबर, दुपारी
पुरावा मिळाला.

कंपनीचं एक काडतूस नमुना म्हणून मी जूनपासून कोटाच्या खिशात ठेवलं होतं. तंबूमागे बसून पक्कडीने ते उघडलं, आणि ऑरिनचं एक उघडलं. दोन्हींतली दारू दोन कपांत ओतली. ऑरिनच्या कपात निम्म्याहून थोडीच जास्त.

चार महिने मी म्हणतोय की काहीतरी शिजतंय. कोणी ऐकलं नाही. अर्थात मी कोणाला सांगितलंही नव्हतं.

दोन्ही कप घेऊन शेकोटीपाशी गेलो आणि ऑरिनसमोर ठेवले. त्याने कपांकडे पाहिलं, मग नेडाकडे.

नेडा म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस. मी सांगितलं होतं."

कशासाठी, विचारलं.

"तीनशे मॅग्नमचा पूर्ण दणका तुझा डोळा घेईल. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तुलाही तेच सांगितलं होतं. तुला सोड म्हटलं असतं तर तू तीनशे अडतीस आणली असतीस."

ऑरिन बुटाकडे बघत म्हणाला, "हलकी भरली की दीडशे-दोनशेपर्यंत चांगली लागतात, दाजी. तुम्ही पाचातल्या पाच मारल्यातच की. वाटलं होतं, जवळून माराल."

मी म्हटलं, माझा विश्वासघात झालाय.

"झालाय," नेडा म्हणाली. तिने नाकारलं असतं तर पुढे बोलता आलं असतं. ती म्हणाली, "डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तू सहा आठवडे पालथा पडून होतास. मी खाली जमिनीवर बसून तुला सूप पाजलं. तुला ते आठवत नसेल. मला ते पुन्हा करायचं नाहीये."

मग ती ट्रककडे गेली, सीटखालून डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला. कंपनीची एकोणीस काडतुसं, जशीच्या तशी. म्हणाली, "आता तुझं तू ठरव. मी आडवी येणार नाही."

खेचरांना पाणी दाखवून आलो. ते माझं काम नव्हतं.

४ ऑक्टोबर, रविवार
पहाटे कड्यावर. दुर्बिणीचं चाक पुन्हा शून्यावर आणलं, दोनदा तपासलं. रायफलमध्ये कंपनीचं काडतूस.

नर आला. एकटाच. चारशे नव्वद यार्ड, आडवा, वारा नाही. कोष्टक आता खरं होतं, चाक तेवढं फिरवलं. रायफल खरी होती. अकरा वर्षं ज्याच्यासाठी अर्ज केला तो समोर उभा होता आणि गवत खात होता.

ट्रिगरवर बोट ठेवलं.

शेजारी नेडा होती. बराच वेळ गेला. मग ती अगदी हळू म्हणाली, "हार्लन, डोळे उघड."

मी म्हटलं, उघडेच आहेत.

अंधार होता. म्हणजे नव्हते.

उघडून पाहिलं तर नर अजून तिथेच. पुन्हा दस्त्याला गाल लावला, आणि पुन्हा आपोआप मिटले. खांदा मागे, दात घट्ट. अजून काहीच झालेलं नसताना. तीनदा. चौथ्यांदा डोळे उघडले तेव्हा उतार रिकामा होता.

वारा होता, असं लिहिणार होतो. या वहीत मी अजून कोणाला फसवतोय, कळत नाही.

काडतूस काढून डब्यात ठेवलं. नेडाने थर्मासमधून कॉफी ओतून दिली, तिच्या आधी मला. ऑरिन खेचरांकडे गेला आणि उगाच खोगिरं आवळत बसला.

खाली उतरताना झाडीत एक मादी समोर आली, सत्तर यार्ड. नेडाने थर्मास खाली ठेवला, मारली, थर्मास उचलला. मागची तंगडी मी वाहिली. जड होती. ऑरिन घेतो म्हणाला, मी दिली नाही.

१४ ऑक्टोबर
सीझन संपला. परवाना कोरा. कामावर सगळ्यांना सांगितलं की एक सुंदर नर मी जाऊ दिला. यात एकही शब्द खोटा नाही.

फ्रीझर मात्र भरलाय.

३ नोव्हेंबर, मंगळवार
कॅस्पर. उजव्या डोळ्याला लेझर केलं, पडद्याच्या कडेने. वीस मिनिटं. हिरवा उजेड, बाकी काही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, यंदा शिकार झाली का? नेडा भिंतीवरच्या ट्राउटकडे बघायला लागली. मी सांगितलं, तीन गोळ्या मारल्या, हलक्या होत्या, तिन्ही चुकल्या. डॉक्टर म्हणाले, "शाबास." चुकल्याबद्दल शाबासकी मिळण्याची माझी पहिलीच वेळ.

नेडा औषधाच्या रांगेत असताना ट्रकमधून ऑरिनला फोन लावला. महिनाभर आम्ही हवामानापलीकडे बोललो नव्हतो. आधी हवामानच काढलं. मग तो म्हणाला, "दाजी, कॅम्पवर मारलेली तुमची रिकामी काडतुसं माझ्याकडेच राहिलीत. पूर्ण भरू की हलकी?"

मी म्हटलं, हलकीच भर.

तो म्हणाला, बरं.

मी म्हटलं, आणि नेडाला सांगू नकोस.